गुरुवारी कोलोनोस्कोपी आहे आणि भुलीची भीती वाटते. तुमचे अनुभव सांगाल?

पुढच्या गुरुवारी सकाळी माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी, आहे. मला त्रास काही नाही. थोरल्या भावाला गेल्या वर्षी, ५१व्या वर्षी, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं. ऑपरेशन, केमो सगळं पार पडलं, आता बरा आहे. पण त्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघा भावंडांना समोर बसवून सांगितलं की सख्ख्या नात्यात इतक्या लवकर निदान झालं असेल तर बाकीच्यांनी ४०व्या वर्षी, किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा तपासायचं. मी ४६ची. म्हणजे सहा वर्षं उशीर झालाच आहे.

नळीची भीती नाही. लाज वाटते, पण दोन बाळंतपणांनंतर तीही फारशी उरत नाही. भीती भुलीची आहे. आमच्या घरात लहानपणापासून एक वाक्य ऐकत आलेय, ‘धाकटे काका भुलीतून उठलेच नाहीत.’ मी त्यांना पाहिलेलंही नाही, फक्त भिंतीवरचा फोटो. तरी संमतीपत्रावर सही करताना तेच वाक्य कानात वाजत होतं.

‘अगं काही नसतं गं’ हे घरात दिवसातून चार वेळा ऐकते आहे, ते इथे नको. जे घाबरत गेले आणि परत आले त्यांनी लिहा. सगळ्यात जास्त कधी घाबरलात, कशाने बरं वाटलं? वाईट अनुभव असला तरी चालेल.

निवृत्त_खजिनदार

वय ६३, पुणे. मी तारीख दोनदा पुढे ढकलली. एकदा नातवाच्या बारशाचं निमित्त, दुसऱ्यांदा पावसाचं. पावसाचा आणि आतड्याचा काय संबंध, हे बायकोने विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं.

ताई, भूल हा यातला सगळ्यात सोपा भाग. खरी परीक्षा आदल्या संध्याकाळची. पोट साफ करायच्या पावडरचं पाकीट दोन लिटर पाण्यात विरघळवून प्यायचं, अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे उठून. चव अशी की समुद्राच्या पाण्यात कोणी लिमलेटची गोळी टाकून विसरून गेलंय. पहिला ग्लास जातो. तिसऱ्याला माणूस अंतर्मुख होतो. सुनेने ते फ्रिजमध्ये गार करून ठेवलं आणि स्ट्रॉ दिला. जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचं, मग लिंबाची फोड चोखायची. दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. पाऊण तास काहीच झालं नाही, मी खुशीत बातम्या बघत बसलो. त्यानंतर बातम्या बघितल्या नाहीत.

कोणी सांगत नाही म्हणून सांगतो: व्हॅसलीन पहिल्या खेपेच्या आधी लावा, सहाव्या खेपेनंतर नव्हे. घरात एकच संडास असेल तर बाकी मंडळींना जेवायला बाहेर पाठवा. आणि शेवटी गाळलेल्या लिंबू सरबतासारखं स्वच्छ पाणी आलं की समजा पास झालात.

दुसऱ्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काका, नोकरी कुठे होती?” मी शाखेचं नाव सांगायला सुरुवात केली, पूर्ण केल्याचं आठवत नाही. मुलगा म्हणतो, उठल्यावर मी त्याला पंधरा मिनिटांत तीनदा विचारलं की गाडी कुठे लावलीस. एकदाही विचारल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी चेकवर सही करू नका, एवढा सल्ला हक्काने देतो.

मालवणी_मसाला

पातळ पदार्थ चालतात म्हणतात, मग कोकम सरबत चालतं का? (माझी पुढच्या महिन्यात आहे.)

निवृत्त_खजिनदार

नाही! लाल-जांभळं काही नाही, आत गेल्यावर रक्तासारखं दिसतं. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा, भाताच्या पेजेचं वरचं पाणी गाळून. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे, तीळ, पेरू बंद. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवा, त्याने सगळं काळं होतं.

पडद्यामागून

मी भूलतज्ज्ञ आहे, नाशिक भागात. रोज सकाळी तुमच्यासारखे चेहरे बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोलोनोस्कोपीला आम्ही देतो ती बहुतेक वेळा मोठ्या ऑपरेशनची भूल नसते, त्याला सेडेशन म्हणतात. घशात नळी नाही, श्वास तुमचा तुम्हीच घेता. औषध बऱ्याचदा प्रोपोफॉल असतं. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन वापरून बनवलेलं, त्यामुळे दिसायला थेट दुधासारखं पांढरं. हातात जाताना चुरचुरतं. हे आधी माहीत नसलं की पेशंट दचकतो, ‘काहीतरी चुकलं’ असं वाटतं. चुकलेलं नसतं. अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागते. पण खरी गंमत पुढे आहे: हे औषध थांबवलं की काही मिनिटांत उतरतं. म्हणून एकदाच भरपूर देऊन आम्ही बाजूला होत नाही, थोडं थोडं देत राहतो. तुमची झोप सतत आमच्या हातात असते.

बोटाला जो चिमटा लावतात, त्याच्या मशीनचा टूं-टूं आवाज ऐकाल. रक्तातला ऑक्सिजन उतरला की तो सूरही खाली उतरतो. त्यामुळे स्क्रीनकडे पाठ असली तरी आम्हाला कानाने कळतं. नाकाशी ऑक्सिजनची नळी असते, दंडावरचा पट्टा दर काही मिनिटांनी आवळतो. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. कधी कधी झोप जास्त खोल जाते, श्वास मंदावतो. तेव्हा हनुवटी उचलून धरायची, ऑक्सिजन वाढवायचा, लागलाच तर मास्कने श्वास द्यायचा. त्यासाठीच तिथे उभ्या असतो.

तुमच्याकडून मला काय हवं? रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो का. दमा. हलणारा दात, कवळी. रक्त पातळ करायच्या गोळ्या, डायबेटिसच्या गोळ्या. वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं चालू असतील तर तेही, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं आणि झोपेत उलटी फुप्फुसात जायची भीती असते. दारू-तंबाखूचा आकडा खरा सांगा. घरच्यांसमोर सांगायचा नसेल तर त्यांना बाहेर पाठवायला सांगा, आम्ही काहीतरी कारण काढून पाठवतो. आणि घाबरला असाल तर तेही तोंडाने सांगा. नाडी १२० दिसते तेव्हा आम्हाला कळतंच, पण पेशंट बोलला की आम्हीही बोलतो.

ताई, एक विचारू का? काकांचं ऑपरेशन कशाचं होतं?

धागाकर्ती

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचला आणि लक्षात आलं की इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलंच नाही. आईला फोन केला.

तेव्हा आई नुकती लग्न होऊन आलेली. काकांच्या पोटात दुखायला लागलं. ओवा, हिंग, शेक. तिसऱ्या दिवशी पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल दिलं. चौथ्या दिवशी तालुक्याला नेलं तोवर पोट लाकडासारखं कडक झालेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं. आई म्हणाली, “दुसऱ्या दिवशी शुद्धीवर होते की. माझ्याकडे पाणी मागितलं, द्यायचं नाही म्हणून मी ओठांना कापूस लावला.” तिसऱ्या दिवशी गेले.

मी म्हटलं, मग भुलीतून उठले नाहीत असं कोण म्हणायचं?

आई म्हणाली, “तुझी आजी.” मग थोड्या वेळाने, “एरंडेल तिनेच दिलं होतं ना.”

मँचेस्टर_कट्टा

इथे इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी पोस्टाने किट येतं. शौचाचा इवलासा नमुना काडीवर घेऊन परत पाठवायचा, डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात शोधतात. माझं किट दोनदा शू रॅकवर पडून होतं. तिसरं पाठवलं आणि पुढच्या तपासणीला बोलावणं आलं. बहुतेकांना अशा वेळी कॅन्सर नसतो हे पत्रात लिहिलेलं असतं, पण ती ओळ डोळ्यांना दिसत नाही.

सेडेशनचं इंजेक्शन, नुसता दुखणं कमी करणारा गॅस, किंवा काहीच नाही, असा पर्याय होता. इंजेक्शन घेतलं तर २४ तास सोबत माणूस हवा आणि मी एकटा राहतो, म्हणून गॅस घेतला. तोंडात नळी धरून आपणच ओढायचा. डावीकडे कूस, समोर स्क्रीन. वळणावर पोटात मुरडा येतो, दोन ठिकाणी चांगलाच आला. नर्सने पोटावर तळहात दाबून धरला की नळी पुढे सरकायची. आणि मग स्क्रीनवर दिसला, मटकीच्या दाण्याएवढा, देठावर डोलणारा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब. तारेचा फास आला, आवळला, संपलं. काहीही जाणवलं नाही. आतड्याच्या अस्तराला ताण कळतो, कापणं कळत नाही, हे तिथेच समजलं. अशा काही पॉलिपांचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात म्हणे. स्वतःच्या आतलं दहा वर्षांनंतरचं संकट डोळ्यांसमोर कापलं गेलेलं बघणं, याची भीती वाटली नाही. उलट पुन्हा दाखवा म्हणायचं होतं.

आडवाट

वाईट अनुभव चालेल म्हणालात म्हणून लिहितो. पहिल्या वेळी मला दुखलं. एका दवाखान्यात, इंजेक्शन दिलं पण झोप लागलीच नाही. ओरडलो तर ‘झालंच, झालंच’ म्हणत राहिले. पुढची तीन वर्षं तपासणीला गेलो नाही, जायला हवं होतं. दुसऱ्या वेळी दुसरीकडे गेलो आणि आधीच दोन गोष्टी विचारल्या: भूलतज्ज्ञ खोलीत हजर असणार का, आणि मी हात वर केला तर थांबाल का. डॉक्टर दोन्हीला हो म्हणाले. हात वर करायची वेळच आली नाही, झोपलो होतो. पण विचारल्यामुळे आत चालत गेलो.

वाळव्याचा

आईला नेलंतं, वय ७२, शुगर आहे. सकाळचा पैला नंबर मागून घेतला, उपाशी जास्त ऱ्हायला नको म्हणून. गोळ्या डॉक्टरनी आदल्या दिवशीच कमी केल्या होत्या, तरी पहाटे तीनला तिला दरदरून घाम. शुगर ६४. साखरेचं पाणी गाळून दिलं, ते चालतंय. मशीन उशाला ठेवाच.

तयारीत सगळं केलं आणि ऐन वेळी मंगळसूत्रावर गाडी अडली. पॉलिप काढताना करंट वापरतात, अंगावर धातू नको. आई काढायला तयार नाही, वडील बाहेर धडधाकट बसल्यात. शेवटी सिस्टरनं कुठनं तरी काळा दोरा आणला, गळ्यात बांधला, मग मंगळसूत्र काढून वडिलांच्याच हातात दिलं. त्यांनी पाऊण तास मूठ उघडली न्हाई. औषध चढताना आई सिस्टरला म्हणत होती, “म्हशीला पाणी दाखवलं का?” सिस्टर म्हणाली, “दाखवलं, झोपा.”

न्यूजर्सी_निवासी

अमेरिकेत २०२१पासून सरसकट सगळ्यांनाच ४५व्या वर्षी सुरुवात करायला सांगतात. मला भुलीचं नाही, घरी कोण नेणार याचं टेन्शन होतं. एकट्याने टॅक्सीने जाऊ देत नाहीत. ज्या शेजाऱ्याशी चार वर्षांत फक्त कचऱ्याच्या डब्यावरून बोललो होतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, माझी मार्चमध्ये झाली, येतो.

धागाकर्ती

झालं. लिहायला दहा दिवस लागले, कारण बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

टेबलावर आडवी झाले तेव्हा हात गार पडले होते. टूं-टूं ऐकू आलं आणि मी डॉक्टरांचं (इथल्या, नाशिकच्या) आठवून सुराकडे लक्ष देत राहिले. तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमना म्हटलं, मला भीती वाटते आहे, माझ्या काकांची एक गोष्ट आहे. त्या सुई लावता लावता म्हणाल्या, “सांगा की.” हातात चुरचुरलं. मी ओवा-हिंगापर्यंत पोचले, एरंडेलापर्यंत नाही.

जागी झाले तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या आजी मोठ्याने गॅस सोडत होत्या आणि सिस्टर त्यांना शाबासकी देत होत्या. थोड्या वेळाने मलाही मिळाली. दोन पॉलिप निघाले, सहा आणि चार मिलिमीटरचे. अडीनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकतो त्या जातीचे, पण आत्ता कॅन्सर नाही. घरात इतिहास असल्यामुळे पुढची तपासणी पाच वर्षांनी.

घरी येऊन मऊ भात, तूप, मीठ. संध्याकाळी आईचा फोन आला. तिने विचारलं, “उठलीस ना?” मी म्हटलं, उठले म्हणूनच फोन उचलला.

धाकटा भाऊ ४२चा आहे, दिवाळीनंतर बघू म्हणतो. त्याला हे सगळं वाचायला पाठवलं. कोकम सरबतापर्यंत वाचून त्याचा मेसेज आला आहे: सोलकढी चालते का?