'युनायटेड' पुसायचं की तसंच ठेवायचं?

पाटीपेन्सिल
इंग्रज कवी टोनी हॅरिसन सप्टेंबर २०२५ मध्ये गेले. त्यानंतर त्यांची 'व्ही' ही लांब कविता दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडलो.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लीड्समधल्या बेकरीवाल्याचा मुलगा. शिष्यवृत्तीवर ग्रामर स्कूलला गेला, लॅटिन-ग्रीक शिकला, कवी झाला. बीस्टन हिलवरच्या दफनभूमीत आईवडिलांना भेटायला गेला, तर दगडावर स्प्रेने 'युनायटेड' लिहिलेलं. जवळच लीड्स युनायटेड या फुटबॉल संघाचं मैदान. टीम हरली की पोरं बियर ढोसत दफनभूमीतून घरी जाणार आणि जाता जाता राग दगडांवर काढणार. आजूबाजूच्या थडग्यांवर शिव्या, एकावर स्वस्तिक आणि नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचं 'एनएफ'. आणि जिकडेतिकडे 'व्ही', म्हणजे सामन्याच्या पाटीवर दोन संघांच्या मध्ये असतं ते 'विरुद्ध'. बाहेर खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप चालू, आणि दफनभूमीच्या पोटातही उपसून रिकामी झालेली खाण.

कवी मनातल्या मनात स्प्रे मारणाऱ्या टकलू पोराशी भांडतो. पोरगा त्याला यॉर्कशायरी शिव्यांत झोडपतो. हिंमत असेल तर नाव लिही म्हटल्यावर पोरगा नाव लिहितो, आणि ते निघतं कवीचंच!

माझी अडचण इथेच आहे. खरा स्प्रेवाला कवितेत आलाच नाही. शिकलेल्या माणसाने स्वतःशीच गप्पा मारल्या आणि आपण त्याला 'वंचितांचा आवाज' म्हणतो. शेवटी वाचकालाच सांगतो, हवं तर जास्त ओंगळ शिव्या पुसा, पण 'युनायटेड' आणि एक छोटा 'व्ही' राहू द्या. माझं उत्तर: नाही. बादली आणा, पुसा.

चिंचपोकळीकर
पाटीपेन्सिल, तुम्ही ज्याला स्वतःशीच गप्पा म्हणताय ती मला कबुली वाटते. पोरगा झोडपत असतो, तेव्हा तो सांगतो की लहानपणी मीही एका जलशात गाणाऱ्या बाईवर आगीच्या बंबाची नळी सोडली होती. का, ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं. म्हणजे शाळा आणि शिष्यवृत्ती मधे आली नसती तर स्प्रेचा डबा माझ्याच हातात असता. यात 'आवाज देण्या'चा आव कुठे आहे?

माझे वडील मिलमध्ये, त्रासन म्हणजे सूत कातायच्या खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत. ते नंतर कामावर गेलेच नाहीत. पुढे मी बँकेत लागलो आणि घरात एक गंमत सुरू झाली. मी बोलायला लागलो की वडील गप्प. 'तू बोल, तुला येतं,' एवढंच. एकदा युनियनच्या कागदावर सही करताना त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. सही त्यांची, पण माझ्या अक्षरात बरी दिसेल म्हणून. त्या पेनाचा मला आजही राग येतो, आणि कोणावर काढायचा ते कळत नाही.

'व्ही'च्या सुरुवातीला खाणकामगारांचे नेते आर्थर स्कारगिल यांचं वाक्य आहे: माझे वडील अजून रोज डिक्शनरी वाचतात, शब्दांवर हुकमत असेल तरच आयुष्य आपलं, असं म्हणतात. हॅरिसननी हुकमत मिळवली आणि आईबाप हातचे गेले. पुसा म्हणणं सोपं आहे हो.

तिरकस_तात्या
शिव्यांवर कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. १९८७ मध्ये चॅनल फोरने ही कविता टीव्हीवर दाखवायची ठरवली तर वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली, खासदार खवळले. 'इंडिपेंडंट'ने मग अख्खी कविताच छापून टाकली. आपल्याकडे ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा, तोही तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसकट. त्यामुळे मराठी वाचकाने तरी शिव्यांवरून नाक मुरडू नये.

मला आवडतं ते हे की शिव्या बसवल्यात कुठे, तर टॉमस ग्रेच्या अठराव्या शतकातल्या विलापिकेच्या छंदात. तेही स्मशानकाव्यच. मृतांबद्दल हळू आवाजात बोलायचा तो साचा, आणि त्यात यमक जुळतंय थेट गटाराशी. पाटीपेन्सिल पुसायला निघालेत ते फक्त दगडावरचं की छंदातलंही?

पाटीपेन्सिल
तात्या, छंद राहू दे. दगड बापाचा आहे.

यॉर्कशायरची_सून
लीड्समध्ये बारा वर्षं झाली. कवितेतली एक गोष्ट इथे कोणी काढली नाही. म्हातारे वडील शेवटी वस्तीत एकटे पडतात. ओळखीची माणसं गेलेली, कोपऱ्यावरची दुकानं आपल्या, म्हणजे आशियाई लोकांची झालेली, आणि जन्म काढलेल्या गल्लीत त्यांना परकं वाटतं. कवी हे लपवत नाही, वडिलांना गोड करून दाखवत नाही. मी बीस्टनच्या तसल्याच दुकानातून मेथी आणते. काउंटरपाशी एखादे आजोबा पाव आणि दूध घेऊन सुटे पैसे मोजत उभे असतात, तेव्हा मला ते कडवं आठवतं. आम्ही दोघं एकमेकांना वाट देतो, पण बोलत नाही.

आता मुद्दा. 'युनायटेड' कवीच्या आईवडिलांच्या दगडावर आहे. तो म्हणतो, परलोकावर माझा विश्वास नाही, तरी या शब्दातून दोघं एकत्र असोत अशी चोरटी प्रार्थना करून घ्यावीशी वाटते. ठीक, दगड त्याचा, माफीही त्याची. पण शेजारच्या थडग्यावर 'एनएफ' आहे. ते माझ्यासारखीला उद्देशून आहे. त्यातून चोरटी प्रार्थना कशी काढायची? 'विरुद्ध'च्या जोड्या मोजताना तो कोळसा मंडळाचा मॅकग्रेगर आणि खाणकामगार, पुरुष-स्त्री, आणि त्याच दमात हिंदू-शीख अशी यादी करतो. १९८४ साल आहे, दिल्लीत काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. ती जोडी एका ओळीत मावत नाही.

वामकुक्षी
सूनबाईंना अनुमोदन. त्याच धाग्याने पुढे जातो. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, लोक रस्त्यावर, पोलिसांचा गोळीबार, १० जण गेले. तिथे हार घालणाऱ्याच्या मनात शिरून कविता लिहा म्हणाल? बेकार होता बिचारा, शाळेने टाकला होता? विटंबनेमागची वेदना समजून घेण्याची चैन ज्याच्या जिवावर बेतत नाही त्यालाच परवडते.

चिंचपोकळीकर
वामकुक्षी, ही तुलना नाही पटली. तिथे वरच्याने खालच्याला त्याची जागा दाखवली. बीस्टनमध्ये खालच्यानेच आपल्यासारख्या खालच्याची थडगी रंगवली. खाटीक, गुत्तेवाला, बेकरीवाला, हे कवीचं घराणं. रंगवणारा पोरगा त्यांचाच नातू शोभावा असा. फरक आहे.

वामकुक्षी
'एनएफ'सुद्धा खालच्यानेच लिहिलं. मग?

चिंचपोकळीकर
...बरोबर. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कवितेतही नाही, आणि मला वाटतं कवीला ते ठाऊक होतं. नाहीतर काय पुसायचं, काय ठेवायचं, ते शेवटी आपल्यावर कशाला ढकललं असतं.

तिरकस_तात्या
ढकललं कारण कविता संपवायची होती. कवी लोक असंच करतात, मी स्वतः केलंय.

पाटीपेन्सिल
सगळं पुन्हा वाचलं. एक पाऊल मागे घेतो: पोरगा बाहुला आहे हे माझं म्हणणं कायम, पण बाहुला नाचवणाऱ्याने स्वतःचं नाव वर टाकलंय हेही खरं. तेवढी सूट दिली.

आता प्रश्न थोडा बदलून विचारतो. चिंचपोकळीकर, तो युनियनचा कागद आहे का तुमच्याकडे अजून?

चिंचपोकळीकर
आहे. सही माझ्या अक्षरातच आहे. वडिलांनी खाली अंगठ्याजवळ पेन टेकवून एक टिंब दिलंय, स्वतःचं.