मदत हवी आहे: जावा ते फ्लोरेस, विमान न घेता. डाइव्ह आधी की डोंगर आधी?

नमस्कार मंडळी,

इंडोनेशियात जावाच्या पूर्व टोकापासून फ्लोरेसमधल्या मौमेरेपर्यंत बस आणि फेरीबोटींनी जायचा बेत आहे. मी आणि माझी धाकटी बहीण, पाठीवर एकेक सॅक. मे-जूनमध्ये निघू. मार्ग असा: इजेनचा ज्वालामुखी, केतापांग–गिलिमानुक फेरीने बाली, तुलांबेनला स्कूबा डाइव्हिंग, पादांग बाईहून लेंबार, लोंबोकमध्ये गिली बेटं आणि रिंजानी ज्वालामुखी, मग कायांगान–पोतो तानो फेरीने सुंबावा, सापेहून लाबुआन बाजो, कोमोडोत डाइव्हिंग, आणि शेवटी रुतेंग, बाजावा, केलिमुतू करत मौमेरे.

विमानाने हे फार लवकर उरकेल, पण बाली आणि लोंबोकमधली सामुद्रधुनी मला बोटीच्या कठड्याशी उभं राहूनच ओलांडायची आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खूप उतरली तेव्हाही ही खोल खाडी कोरडी पडली नाही. निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने आशियातल्या प्राण्यांची हद्द इथेच आखली. हे सगळं वरून, ढगांतून बघण्यात मला रस नाही.

आता मुख्य अडचण. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे कोर्समध्ये शिकवलं होतं. आमच्या वाटेवर विमान नाही, पण डोंगर पदोपदी आहेत. लाबुआन बाजोला डाइव्ह करून दुसऱ्या दिवशी पहाटे बसने सुमारे 1200 मीटर उंचीवरच्या रुतेंगला चढलो तर तोच नियम लागतो का? आणि गिलीला डाइव्ह करून रिंजानी?

दुसरं म्हणजे आमच्याकडे ओपन वॉटर हे डाइव्हिंगचं प्राथमिक सर्टिफिकेट आहे, म्हणजे मर्यादा 18 मीटर. कोमोडोच्या प्रवाहांबद्दल ऐकून बहीण धास्तावली आहे. तिला आग्रह करावा का, हे मला ठरवता येत नाहीये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

विचारलंत ते फार बरं केलंत, कारण रस्त्याने फिरणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. प्रश्न हवेच्या दाबाचा आहे, मग तुम्ही कशातूनही वर जा. डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो. त्या वेळात बाहेरचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डाइव्हिंग-सुरक्षेची संस्था) हिच्या शिफारशी सुमारे 600 मीटरपासून 2400 मीटरपर्यंतच्या उंचीला लागू होतात: डीकॉम्प्रेशन थांबा (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना मध्ये थांबणं) न घेता केलेली एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्हिंग असेल तर किमान 18 तास, आणि थांबा घ्यावा लागला असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. रुतेंग या पट्ट्यात येतं. केलिमुतू (1639 मीटर) पण येतं. मी स्वतः अशा वेळी पूर्ण एक दिवस आणि एक रात्र ठेवतो.

यावर उपाय सोपा आहे. कोमोडोतला शेवटचा दिवस पाण्याखाली न जाता घालवा. पादार बेटावरची चढण आणि रिंचावरचे कोमोडो ड्रॅगन त्या दिवसासाठी ठेवा, दोन्हीची उंची नगण्य आहे.

रिंजानी मात्र 3726 मीटर, म्हणजे केबिनहूनही कितीतरी वर. तिथे 18 तासांचा आकडा वापरूच नका. क्रम बदला: लोंबोकला उतरलात की आधी रिंजानी, खाली येऊन नीट झोप आणि भरपूर पाणी, मग गिली. तुलांबेनची शेवटची डाइव्ह आणि चढाई यांच्यामध्ये फेरीचा आणि तयारीचा वेळ जातोच, तरी एक दिवस वाढवा.

तुलांबेनहून निघताना किंतामणीवरून जाणारी गाडी पकडू नका, तो रस्ता खूप उंचावरून जातो. अमलापुरावरून जाणारा रस्ता बराच खाली राहतो आणि पादांग बाईला जायला तोच सोयीचा.

आणि तुलांबेन घाईत उरकू नका, एवढी विनंती. लिबर्टी या अमेरिकन मालवाहू जहाजावर जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. ते ओढत आणून या किनाऱ्याला लावलं होतं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेलं. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, आणि जहाजाचा वरचा भाग इतका उथळ आहे की 18 मीटरच्या मर्यादेतही पोटभर बघता येतं. भल्या सकाळी जा, दिवसाच्या सहलीवाले यायच्या आत.

प्रतिसाद २

प्रवाहांबद्दल. पॅसिफिकचं पाणी याच बेटांच्या फटींतून हिंदी महासागरात उतरतं, त्यावर भरती-ओहोटीचा जोर चढतो. म्हणून तारखा चंद्र बघून ठरवा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात बातू बोलोंग, कॅसल रॉकसारख्या जागी नवख्यांनी जाऊ नये. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, पाणी त्या मानाने शांत असतं. प्रवाह नसलेल्या जागी आधी एक चेक डाइव्ह (तुमची तयारी बघायची सोपी डाइव्ह) करवून घेणारा आणि चार-चारच्याच गटाने नेणारा ऑपरेटर निवडा. सरफेस मार्कर बॉय (पाण्यावर येऊन तुमची जागा दाखवणारा फुगा) प्रत्येकाकडे हवा, आणि तो पाण्याखालून सोडायचा सराव गिलीतच करून घ्या.

बहिणीला आग्रह करू नका. घाबरलेला माणूस हवा भराभर संपवतो. कोमोडोतल्या कारांग मकासारला मांटा रे हे मोठे चपटे मासे बऱ्याचदा उथळ पाण्यात दिसतात, ते ती स्नॉर्कलिंग करूनही बघू शकेल.

प्रतिसाद ३

सापे–लाबुआन बाजो फेरी लाटा वाढल्या की रद्द होते, त्यामुळे डाइव्हिंगचे पैसे ठरावीक तारखेला अडकवू नका. व्हिसा ऑन अरायव्हल 5,00,000 रुपिया, 30 दिवसांचा, एकदाच आणखी 30 दिवस वाढतो. तुमच्या मार्गाला वाढवावा लागेलच, ते काम लोंबोकमधल्या माताराम शहरात करा.

सुंबावा-फ्लोरेस भागात मलेरिया आहे. गोळ्या घेताना डाइव्हिंग करणार हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेफ्लोक्विनने चक्कर येऊ शकते आणि ती डीकॉम्प्रेशनच्या त्रासासारखी वाटते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार! आता क्रम असा: इजेन, तुलांबेन, अमलापुरावरून पादांग बाई, रिंजानी, गिली, आणि लाबुआन बाजोला अष्टमीच्या सुमारास पोहोचायचं. शेवटचा दिवस पादार आणि रिंचा. बहिणीला प्रतिसाद २ वाचून दाखवला. चेक डाइव्हनंतर काय ते ती स्वतः ठरवणार आहे.