खुनी सुरुवातीलाच कळतो, मग वाचायचं काय?

गोरेगावकर: लोकलमध्ये दोन पुस्तकं संपवली. जपानी लेखक हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स': खून सुरुवातीलाच आपल्यासमोर होतो. मग उरलं काय? दोन तारे. मार्टिनचं 'अ गेम ऑफ थ्रोन्स': घराण्यांची नावं पाठ करता करता गोरेगाव गेलं, बोरिवलीला उतरलो. एक तारा. मराठीत असलं कोणी लिहिलंच नाही, म्हणून ही वेळ.

अवकाळी: दोन तारे?! राहवत नाही म्हणून लिहितोय. यासुकोने आधीच्या नवऱ्याला मारलं हे कळतं, मान्य. पण शेजारचा गणिताचा मास्तर इशिगामी पोलिसांपुढे नेमकं काय मांडून ठेवतो ते कळतं का? प्रश्न 'कोणी केलं' हा नाहीच, 'कसं लपवलं' हा आहे. पोलिसांना मदत करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ युकावाला ते उमगतं तेव्हा आपणही गंडलो होतो हे लक्षात येतं. २००५ च्या या कादंबरीला जपानचा नाओकी पुरस्कार मिळाला तो खुन्याचं नाव लपवल्याबद्दल नव्हे. तुम्ही भेळेत रस्सा नाही म्हणून मार्क कापलेत. आणि मराठीत कोणी लिहिलंच नाही? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावं कानावरून गेली नाहीत? नारायण धारपांचा समर्थ? सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद? आणि कंटाळवाण्या पुस्तकापायी स्टेशन चुकतं होय?

गोरेगावकर: डुलकी लागली होती.

माटुंगा_पूर्व: अवकाळी, 'आपणही गंडलो' हे कशाला सांगितलंत? पुस्तक माझ्या उशाशी पडलंय. आता पानोपानी संशय घेत वाचायचं. शेवट फोडणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. आमच्या वाचनालयातल्या एका रहस्यकथेत कुणा महाभागाने तिसऱ्याच प्रकरणात एका नावाभोवती पेन्सिलीने गोल काढून लिहिलं होतं, 'हाच'. खाली दुसऱ्याचं अक्षर, 'धन्यवाद, मूर्खा'. अख्खा पाऊस त्या पुस्तकावर काढायचा बेत होता.

अवकाळी: म्हणजे परीक्षणात मुखपृष्ठाचा रंग सांगून थांबायचं? पुस्तक का चांगलं हे सांगायचं तर थोडं उघडावंच लागतं. वीस वर्षं झाली त्या कादंबरीला.

माटुंगा_पूर्व: ख्रिस्तीबाईंचं 'रॉजर ॲक्रॉइड' १९२६ चं. शंभर वर्षं होत आली, तरी मी तोंड उघडत नाही. याला संस्कार म्हणतात.

अवकाळी: संस्कार काढू नका. निदान मी पुस्तक वाचून बोलतोय, उशाशी ठेवून नाही.

गिरगावची_मावशी: भांडताय काय रे? मी शेवटचं पान आधी वाचते. खुनी माहीत असला की तो कसा साळसूदपणे चहा घेतोय ते नीट बघता येतं. धारपांचं मात्र तसं वाचायचं नाही. ते रात्री एकटीने वाचायचं आणि मग मोरीत जायला घाबरायचं.

माटुंगा_पूर्व: मावशी, तुमच्यासारख्यांनीच पेन्सिली चालवल्या!

गिरगावची_मावशी: वाचनालयाच्या पुस्तकावर? हात मोडतील.

गोरेगावकर: बरं बाबा, पुरस्कारवाल्यांना दुखवायला नको. हिगाशिनोला अडीच. अर्नाळकर आहेत कुणाकडे? मार्टिनचा तारा तेवढा वाढणार नाही. त्या मालिकेचा पाचवा भाग २०११ चा, सहाव्याचा अजून पत्ता नाही. मी नावं पाठ करू आणि शेवट कुणी लिहायचा?

अवकाळी: यावर मात्र भांडत नाही. मावशी, त्याचं शेवटचं पान वाचून सांगा.

गिरगावची_मावशी: लिहू दे की आधी मेल्याला.