अनुभव धागा: वादळ डोक्यावर आलं तेव्हा काय केलं?

महालकरीण
काल संध्याकाळी आभाळ मातकट पिवळं झालं आणि लहानपणीचा मे महिना आठवला. दुपारभर पंचेचाळीस डिग्री, मग एकदम धुळीचा लोट. शेजारचं टिन उडून आमच्या अंगणात आलं, त्याची कड कडुनिंबाच्या खोडात रुतली होती. आजीने सगळ्या पोरांना माजघरात बसवलं, खिडकीपाशी फिरकू दिलं नाही. तुम्हीही लिहा, कोणाच्या तरी कामी येईल.

इतवारी_बॉय
टिनावर दगड न् टायर ठेवतात, वाऱ्यात तेच डोक्यात येतात. वारा सुटल्यावर टिन धरायला वर चढू नका बावा, टिन पुन्हा घेता येते.

स्वाती_ना
२० मे २०१३ ला अमेरिकेत ओक्लाहोमातल्या मूर गावात ईएफ-५, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचा टोर्नेडो (जमिनीपर्यंत टेकणारं चक्री वादळ) आला. ताशी ३२० किमीच्या वर वारा! माझी बहीण जवळच नॉर्मनला होती. घराला तळघर नाही. सायरन झाला तशी पोरांना घेऊन मधल्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये बसली. पोरांच्या डोक्यावर सायकलची हेल्मेटं, वरून गादी. खिडक्या उघडल्या की घर वाचतं म्हणतात ते खोटं आहे, त्यात वेळ घालवू नका.

काटोलकर
बापरे ताई. बहीण बरी आहे नं?

स्वाती_ना
हो भाऊ, सगळे सुखरूप. अजूनही सायरनची चाचणी असली तरी धाकटी आईला चिकटते.

वर्धारोड
आपण तर मेट्रोच्या पुलाखाली थांबतो!

स्वाती_ना
पावसात ठीक. टोर्नेडोत पुलाखाली वारा आणखी जोर धरतो, उडतं सामान अंगावर येतं. पक्की इमारत गाठायची. होर्डिंगजवळ तर साध्या वादळातही नको.

काटोलकर
आमच्याकडे भीती विजेची. मोबाईलात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवलं आहे, पण बाबा आकडेच मोजतात. चमक ते गडगडाट तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडलं की काम सोडून सगळे घरात. झाडाखाली कोणालाच थांबू देत नाहीत. गारपिटीने संत्र्याचा आंबिया बहार गळला तेव्हा बाबा दोन दिवस बगीच्यात गेलेच नाहीत.

इतवारी_बॉय
लई वाईट वाटलं भाऊ. विमा होता का?

काटोलकर
होता. पंचनामाच उशिरा झाला.

मानेवाडा_आई
वादळानंतरचंही लिहा कोणी. आमच्या गल्लीत आत्ता तार लोंबते आहे, खाली पाणी साचलं आहे. वीजवाल्यांना फोन केला. पोट्टे क्रिकेटला निघाले होते, त्यांना आत पिटाळलं. वायरमन येईस्तोवर मी गेटवरच आहे.