मदत हवी आहे: सल्फ्युरिकच्या रिकाम्या टाकीवर वेल्डिंग चालेल का?

मंडळी, बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या युनिटात मी मेंटेनन्स बघतो. कास्टिंग आणि पत्र्याचं पिकलिंग, म्हणजे अ‍ॅसिडात बुडवून गंज काढणं, होतं आमच्याकडे. टँकरने येणारं ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक लोखंडी टाकीत, आणि बाथसाठी पातळ केलेलं प्लॅस्टिकच्या टबात, अशी आमची पद्धत.

टाकीला वर, मॅनहोलच्या (माणूस उतरायच्या तोंडाच्या) गळ्याशी पाझर लागलाय. खालचा पत्रा मात्र ठणठणीत! मालक म्हणतात, अ‍ॅसिड काढलंय, आता पाण्याने धुवा, मच्छेचा वेल्डर येऊन ठिगळ मारून जाईल. "पेट्रोल हाय काय त्यात पेटायला?" वेल्डर मात्र का-कू करतोय.

अ‍ॅसिड जळत नाही हे खरं, मग भीती कशाची? आणि वरचाच पत्रा का खाल्ला? सेफ्टी शीट इंग्रजीत, भिंतीवरचा बोर्ड कन्नडमध्ये. पोरांना समजावायला मराठीत सांगितलंत तर बरं होईल.

प्रतिसाद १

वेल्डिंग थांबवा आधी, बाकीचं नंतर. वेल्डरचं बरोबर आहे.

दाट सल्फ्युरिक लोखंडाला लागलं की आयर्न सल्फेटचा थर धरतो आणि तोच पत्रा राखतो. म्हणून तर ते लोखंडात ठेवता येतं. पातळ झालं की थर टिकत नाही, अ‍ॅसिड लोखंड खातं आणि हायड्रोजन सुटतो. ९८ टक्क्यांचं अ‍ॅसिड हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या नळीतून) काय आत जातं ते सांगायला नको. गळ्याशी, झाकणाखाली जे थेंब आणि ओघळ चिकटून असतात ते आधी पातळ होतात, म्हणून झीज तिथे.

हायड्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि हलका असल्याने तो वरच साठतो. म्हणजे नेमका तुमच्या ठिगळाच्या जागी. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेट घेतो. एक ठिणगी पुरे.

प्रतिसाद २

वरच्यांनी धुण्याचं राहू दिलं. अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडात नाही, हे पोरांना पाठ असेल. पण तळाला अ‍ॅसिड मुरलेला गाळ असताना टाकी धुणं म्हणजे पाणी अ‍ॅसिडात घालणंच की! उष्णता, शिंतोडे आणि वर नवा हायड्रोजन. आधी तळापर्यंत उपसा, मग थोडं थोडं नाही, भरपूर पाणी सोडा. नंतर उरलेलं अ‍ॅसिड मारायला सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा) हळूहळू, कारण फेस उसळतो. पीएच ७ च्या आसपास आला, म्हणजे पाणी ना आम्ल ना अल्कली झालं, की टाकी काठोकाठ भरून रिकामी करा आणि ब्लोअर लावा. वेल्डिंगआधी आणि चालू असतानाही गॅस मीटरने (हवेतला पेटणारा गॅस मोजणाऱ्या यंत्राने) वरच्या भागात तपासा. जुनं ठिगळ असेल तर त्याच्या मागे अ‍ॅसिड अडकलेलं असतं, ते विसरू नका. आत माणूस उतरवायचा नाही. आणि अंगावर उडालं तर कपडे काढून निदान २० मिनिटं वाहतं पाणी, सोडा चोळत बसू नये.

माझं मत विचाराल तर आधी पत्र्याची जाडी मोजून घ्या. गळा खाल्लेला असेल तर ठिगळाला धरायला पत्राच उरला नसेल.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. मालकांना वाचून दाखवलं, वेल्डरला तूर्त नको म्हणून कळवलंय. बेळगावात किंवा कोल्हापुरात गॅस मीटर घेऊन येणारं आणि जाडी मोजून देणारं कुणी माहीत आहे का? व्हेंटला ओल शोषणारं काही बसवता येतं का, तेही सांगा.