दुधाचे दात : पडले, पाडले, गिळले

लेकीला सहावं संपून तीन महिने झाले. आठवडाभर खालचा पुढचा दात जिभेने हलवत बसलेली असते. काल ब्रश करताना बघते तर त्याच दाताच्या मागे, जिभेच्या बाजूला, नव्या दाताचं टोक! जुना भाडेकरू जागा सोडेना आणि नवा सामान घेऊन हजर. माझा जीव टांगणीला, आणि आमच्या आजेसासूबाई म्हणतात, "येऊ दे गं, मग पडेल." तुमच्या घरी काय झालं? आणि पडलेल्या दाताचं केलंत काय? लिहा प्लीज.

*

अगदी सेम! डॉक्टर म्हणाले, नवा दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ झिजत जातं, म्हणून तर पडलेला दात बिनमुळाचा दिसतो. नवा जरा मागून आला की ते मूळ नीट झिजत नाही आणि जुना अडून बसतो. लेकाचा तीन आठवड्यांनी पडला. मागचा दात मग जिभेच्या रेट्याने हळूहळू पुढे सरकला. हलतोय ना तुमचा? मग सफरचंद, गाजर खायला द्या. हलायचं नावच घेत नसेल तर मात्र दाखवून या.

*

आमचं घर रत्नागिरीकडे. आजी दात शेणाच्या गोळीत दाबून द्यायची. ती कौलांवर फेकायची आणि उंदराला सांगायचं, माझा दात घे, तुझा दे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे मागणी चुकीची नव्हती म्हणा. माझी एक गोळी घरंगळत परत अंगणात आली, तर दात वाकडा येणार म्हणून मी रात्रभर रडलो. सरळ आला. आता बाराव्या मजल्यावर ना कौल, ना शेण. मुलीचे दात तुळशीच्या कुंडीत.

*

दुसरीला शिकवते. वर्गाचा फोटो म्हणजे नुसत्या खिडक्या. सशाचा धडा मोठ्याने वाचायला सांगितला की पहिल्या बाकावर फवारा!

*

मी माझी चूक सांगते, कुणाचं तरी भलं होईल. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कळतही नाही. लेकाच्या त्या दाढेवर काळा ठिपका दिसला तेव्हा मी म्हटलं, दुधाचीच आहे, पडेल. साडेदहाव्या वर्षी रात्री दोनला गाल धरून उठला. रूट कॅनाल करावं लागलं. तेव्हा कळलं की ही पक्की दाढ, जन्मभराची. दुधाचे दात वीसच, म्हणजे एका बाजूला वर पाच, खाली पाच. तेव्हा पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा, सहावा लागला की तो पक्का. आज रात्री टॉर्च घेऊन मोजाच.

*

न्यू जर्सीहून. इथे उशीखाली दात ठेवला की परी पैसे ठेवून जाते. पण मुलाच्या मेक्सिकन मित्राकडे उंदीर येतो! माझ्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?"

*

वय ३८, आणि माझी एक दुधाची दाढ अजून तोंडात आहे. एक्स-रे काढला तर खाली नवी दाढ तयारच झालेली नाही. डॉक्टर म्हणाले, टिकतेय तोवर टिकू दे. बायको मला दूधखुळा म्हणते, पुराव्यानिशी.

*

क्रिकेटचा बॉल लागून भाच्याचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला. शेजारच्या काकूंनी मुळाला हात न लावता तो उचलला आणि पेलाभर थंड दुधात टाकला. अर्ध्या तासात दवाखाना गाठला, दात परत बसवला. पाच वर्षं झाली, अजून आहे. दुधाचा दात मात्र असा परत बसवत नाहीत.

*

धाग्याची मालकीण परत आलेय. पडला! पेरू खाताना. बी समजून थुंकणार होती, तेवढ्यात आरशात खिडकी दिसली. टॉर्चने मोजले, मागच्या सहाव्या दाढा अजून यायच्यात. दात सध्या वाटीत, मिठाच्या बरणीशेजारी. लेकीला उशी हवी, आजेसासूबाईंना कुंडी. रात्रीपर्यंत तोडगा निघाला तर सांगते.