चिलीत राजमा घालावा का?

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनला असतो. शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी जेवायला येताहेत, चिलीचा, म्हणजे बीफ आणि सुक्या मिरच्यांच्या दाट अमेरिकी रश्श्याचा, बेत आहे. मी नेहमी राजमा घालते. शेजारच्या आजी म्हणतात, टेक्सासात हे चालायचं नाही. काय करू?

उत्तर: आजींचं ऐका! चिली १९७७पासून टेक्सासचा अधिकृत राज्य-पदार्थ आहे, आणि टेक्सासातल्याच टर्लिंग्वा गावच्या चिली-स्पर्धेत राजमा, मॅकरोनी, भात सगळ्यालाच मनाई आहे. बीफचे बोटाच्या पेराएवढे तुकडे चांगले लालसर परता. सुक्या आंचो मिरच्या भाजून, भिजवून वाटा, जिरं सढळ हाताने घाला आणि तीन तास मंद आचेवर ठेवा. तर्री वर येते, रस्सा चमच्याला धरतो. राजमा पडला की रस्सा पिठूळ होतो, मिरची दबते. माझं मत ठाम आहे.

उत्तर: ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत स्पॅगेटीवर चिली वाढतात, राजमा हवा तर मागून घ्यायचा. तुम्हीही वेगळा वाढा. फक्त कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये टाकू नका, बाधतो. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, दहा मिनिटं खळखळून उकळा, मग शिजवा.

प्रश्नकर्ती: वेगळ्या भांड्यात ठेवते. आंचो आजच आणते.